पावसाचे पाणी जाते कुठे? लोणावळा-औंढे परिसरातील पर्जन्यजल निचऱ्याची व्यवस्था

लोणावळ्याचा पाऊस हा पुणे-मुंबईकरांसाठी सहलीचा विषय असला, तरी तेथे राहणाऱ्यांसाठी तो दरवर्षीच्या हिशेबाचा विषय आहे. येथे वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. पुणे शहराची वार्षिक सरासरी सातशे ते साडेसातशे मिलिमीटर आहे. म्हणजे अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरच्या अंतरात पावसाचे प्रमाण सहापट बदलते. एवढे पाणी वाहून नेणारी व्यवस्था नेमकी कशी चालते, तिच्यात माणसाने बांधलेला भाग किती आणि निसर्गाने दिलेला किती, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही.

लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगत असलेल्या औंढे, औंढोली, देवले या गावांवरही याच पट्ट्यातील पाऊस पडतो. शहराप्रमाणे तेथे बांधीव गटारांचे जाळे नाही. पाण्याचा निचरा मुख्यतः ओढे, ओहोळ आणि भातखाचरे यांच्यामार्फत होत आला आहे. गेल्या दोन-तीन दशकांत मावळातील शेतजमिनींवर बंगले, फार्म हाऊस आणि निवासी प्रकल्प उभे राहू लागले, तसतशी ही जुनी व्यवस्था आक्रसत गेली. म्हणूनच या भागातील पर्जन्यजल निचरा हा केवळ अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही. सातबारा हातात असलेल्या आणि नव्याने जागा घेणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे.

पावसाचे गणित

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला जात असल्याने त्याचे आकारमान सहसा जाणवत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यामुळे एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण शंभर लिटर पाणी जमा होते. हवामान खात्याच्या वर्गवारीनुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर 'अतिवृष्टी'सदृश अत्यंत जोरदार पाऊस समजला जातो. घाटमाथ्यावर २०० मिलिमीटरचा दिवस ही अपूर्वाई नाही. अशा दिवशी दहा गुंठ्यांच्या एका बंगल्याच्या जागेवर दोन लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे वीस टँकर एकाच अंगणात रिते करावेत, एवढे हे पाणी आहे.

मात्र निचऱ्याच्या दृष्टीने दिवसभराच्या पावसापेक्षा तासाचा पाऊस अधिक महत्त्वाचा असतो. २०० मिलिमीटर पाऊस २४ तासांत सारखा विभागून पडला, तर तासाला आठ-नऊ मिलिमीटर होतो आणि साधी गटारेही तो वाहून नेऊ शकतात. त्यातलाच ६० मिलिमीटर पाऊस एका तासात पडला, तर चित्र पार बदलते. रस्त्यावर पाणी तुंबते ते याच तासाभरात.

दुसरा मुद्दा जमिनीचा. मोकळ्या, झाडाझुडपांच्या जमिनीवर पडलेल्या पाण्याचा बराच भाग मुरतो किंवा अडून राहतो. छप्पर, फरशी, डांबर व काँक्रीट यांवर पडलेले जवळजवळ सर्व पाणी लगेच वाहू लागते. पडलेल्या पाण्यापैकी किती हिस्सा वाहून जातो, याच्या प्रमाणाला अभियंते 'अपधाव गुणांक' म्हणतात. मोकळ्या जमिनीसाठी तो ०.३ च्या आसपास, तर पूर्ण बांधीव जागेसाठी ०.९ पर्यंत धरला जातो.

मावळाच्या बाबतीत आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. येथील काळा पाषाण बहुतेक ठिकाणी जमिनीखाली फार खोल नाही. वर मुरूम व मातीचा थर असतो. जूनच्या पावसात हा थर पाणी पितो. जुलैच्या मध्यापर्यंत तो भरून जातो. त्यानंतर शोषखड्डा कितीही चांगला केला, तरी ऐन मुसळधार पावसात त्यात फारसे पाणी मुरत नाही. पुण्यात उपयोगी ठरणारा उपाय येथे जसाच्या तसा लागू पडत नाही तो यामुळे. मावळात निचऱ्याचे दोनच खरे आधार आहेत : पाण्याला काही काळ थांबायला जागा आणि पुढे जायला वाट.

उतार कोणत्या दिशेला?

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्याजवळ वसले आहे. खंडाळ्याच्या बाजूचे पाणी दऱ्यांतून कोकणात उतरते. लोणावळ्याच्या दक्षिणेला कुरवंडे गावाजवळ उगम पावणारी इंद्रायणी मात्र पूर्वेकडे वळते. मळवली, कार्ला, कामशेत, देहू, आळंदी असा प्रवास करून ती तुळापूर येथे भीमेला मिळते आणि तिचे पाणी अखेर कृष्णेमार्फत बंगालच्या उपसागरात जाते. लोणावळा शहर, तसेच औंढे परिसरातील ओढे हे याच खोऱ्यातील. म्हणजे लोणावळ्यात ओढा अरुंद झाला, तर त्याचा परिणाम लोणावळ्यापुरता राहत नाही. खालच्या गावांत पाणी कधी आणि किती वेगाने पोहोचणार, हेही त्यावरून ठरते.

या नैसर्गिक उतारावर माणसाने गेल्या दीडशे वर्षांत मोठे फेरफार केले. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने भुशी येथे धरण बांधले. पुढे टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी १९११ मध्ये झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. त्यासाठी लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे तलाव बांधण्यात आले. पूर्वेकडे वाहणारे पाणी या तलावांत अडवून ते घाटाखाली पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून सोडले जाते. वीज तयार झाल्यावर हे पाणी पाताळगंगेत जाते. अशा रीतीने बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या पाण्याचा काही भाग अरबी समुद्राकडे वळला.

हे तलाव पावसाळ्याच्या पूर्वार्धात पाणी साठवून घेतात आणि त्या काळात खालच्या भागाला एक प्रकारे संरक्षण मिळते. ते भरल्यानंतर मात्र आलेले पाणी सांडव्यावरून पुढे जाते. लोणावळा धरणाच्या सांडव्याला दरवाजे नाहीत. तलाव पूर्ण भरला, की पाणी आपोआप बाहेर पडू लागते. त्यामुळे ते रोखून धरण्याची फारशी सोय राहत नाही आणि इंद्रायणीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा देण्यात येतो. ज्या वेळी तलाव भरलेला, जमीन तृप्त आणि पाऊस जोरात, अशा तिन्ही गोष्टी एकत्र येतात, तीच या भागातील खऱ्या कसोटीची वेळ. ती बहुधा जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टमध्ये येते.

छपरापासून नदीपर्यंत

शहरातील पर्जन्यजल निचऱ्याची साखळी पुढीलप्रमाणे असते. छपरावरचे पाणी पन्हळीतून अंगणात, अंगणातून रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात येते. रस्त्याला मध्यभागापासून दोन्ही कडांकडे हलका उतार दिलेला असतो. त्याने रस्त्यावरचे पाणीही कडेला येऊन जाळीच्या चेंबरमधून गटारात उतरते. गटारातून ते मोठ्या नाल्यात, रस्ता वा रेल्वेमार्ग आडवा आला तर त्याखालच्या मोरीतून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. साखळीतील सर्वांत अरुंद जागा ज्या क्षमतेची, त्याच क्षमतेची संपूर्ण साखळी. वर कितीही रुंद गटार बांधले आणि खालची मोरी जुनीच राहिली, तर पाणी मोरीच्या तोंडाशीच तुंबते.

सांडपाणी आणि पावसाचे पाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या असणे अपेक्षित असते. स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालयाचे पाणी वर्षभर कमी प्रमाणात पण सतत वाहते आणि त्यावर प्रक्रिया करावी लागते. पावसाचे पाणी चार महिनेच, पण प्रचंड प्रमाणात येते. पावसाचे पाणी मैलावाहिनीत सोडले, तर चेंबर उसळून घाण रस्त्यावर येते आणि प्रक्रिया केंद्रावरचा भार वाढतो. सांडपाणी पावसाळी गटारात सोडले, तर ते तसेच नदीत जाते. देहू-आळंदीला याच इंद्रायणीच्या पात्रात भाविक स्नान करतात, हे येथे विसरता येत नाही.

वाहिनी किती मोठी असावी?

गटाराचा आकार अंदाजाने ठरवला जात नाही. त्यासाठी १८५१ मध्ये आयर्लंडचे अभियंते मुलव्हनी यांनी मांडलेले साधे सूत्र आजही वापरले जाते. अपधाव गुणांक, पावसाची तीव्रता आणि पाणलोटाचे क्षेत्रफळ या तिघांचा गुणाकार म्हणजे वाहिनीत येणारा प्रवाह. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जागा घेतली आणि पाऊस ताशी ६० मिलिमीटर धरला, तर मोकळ्या जमिनीवरून सेकंदाला सुमारे ५० लिटर पाणी येते. तीच जागा पूर्ण बांधीव झाली, की प्रवाह सेकंदाला १५० लिटरवर जातो. पाऊस तोच, जागा तीच, पाणी तिप्पट.

रस्त्याखाली ६०० मिलिमीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप टाकलेला आपण अनेक ठिकाणी पाहतो. दोनशेला एक अशा उतारावर तो पूर्ण भरून वाहिला, तर सेकंदाला सव्वाचारशे लिटरच्या आसपास पाणी वाहून नेतो. वरील हिशेबाने मोकळ्या जमिनीच्या आठ-नऊ हेक्टरांना तो पुरतो. बांधीव वस्तीच्या मात्र जेमतेम तीन हेक्टरांना. त्यात निम्म्या उंचीपर्यंत गाळ बसला, तर क्षमता निम्म्याहून खाली येते. पाइपच्या व्यासाबाबत एक गैरसमजही सर्रास आढळतो. व्यास निम्मा केला, तर पाणी निम्मे जात नाही. क्षमता सहाव्या हिश्श्याइतकीच उरते. ओढ्यावर साकव न बांधता 'एक पाइप टाकून' वर भराव करण्याची पद्धत धोकादायक ठरते ती याच कारणाने.

पावसाची तीव्रता किती धरावी, हा खर्चाचाही प्रश्न असतो. शंभर वर्षांतून एकदा पडणारा पाऊस वाहून नेईल एवढी गटारे बांधणे कोणत्याही शहराला परवडत नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१९ च्या पर्जन्यजल नियमावलीत महानगरांच्या मध्यवर्ती भागासाठी पाच वर्षांतून एकदा पडणारा पाऊस गृहीत धरण्याची शिफारस आहे. म्हणजे उत्तम बांधलेली गटारेही अधूनमधून भरून वाहणार, हे त्यात गृहीतच आहे. अशा वेळी जादा पाणी कोठून जावे, याची वाट मोकळी ठेवणे हा नियोजनाचाच भाग आहे. ती वाट म्हणजे नैसर्गिक ओढा.

मुंबईचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथील जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती. ती ५० मिलिमीटरपर्यंत वाढविण्याची शिफारस करणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ मध्ये आला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि महानगर ठप्प झाले. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने कारणांचा ऊहापोह केला आणि मिठी नदीच्या आक्रसलेल्या पात्राचा प्रश्न सर्वांपुढे आला. मुंबईत भरतीच्या वेळी समुद्र वाहिन्यांचे तोंड बंद करतो. लोणावळ्याला समुद्र नाही. पण दुथडी भरलेली इंद्रायणी हेच काम करते. नदीची पातळी गटाराच्या तोंडाच्या वर गेली, की गटारातील पाणी पुढे सरकत नाही आणि सखल भागात मागे पसरते.

भातखाचरांचे अदृश्य काम

मावळाची ओळख भाताची. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९८७ मध्ये प्रसारित केलेला इंद्रायणी हा वाण याच तालुक्यातील संशोधनातून आला आणि नदीचे नाव घेऊन राज्यभर पोहोचला. भाताला खाचरात पाणी उभे लागते. त्यासाठी शेतकरी उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाचरे पाडतो आणि प्रत्येकाला बांध घालतो. वरच्या खाचरातील जादा पाणी बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात उतरते.

हे काम पिकासाठी केलेले असले, तरी निचऱ्याच्या दृष्टीने ते मोठे जलनियंत्रण ठरते. एका एकरात पंधरा सेंटीमीटर पाणी उभे राहिले, तर सहा लाख लिटर पाणी काही काळ थांबते. जोराची सर ओसरल्यावर ते सावकाश पुढे जाते. अशी शंभर एकर खाचरे म्हणजे सहा कोटी लिटरचे, कोणताही खर्च न करता उभे राहिलेले साठवण तळेच. खाचरात आधीच पाणी असते, त्यामुळे प्रत्येक सरीला एवढी जागा मिळेल असे नाही. तरीही पाण्याचा वेग मोडण्याचे काम बांध करतातच.

खाचर विकले गेले आणि बिगरशेती झाले, की पहिले काम असते ते भराव घालून जागा सपाट करण्याचे. पाठोपाठ सीमाभिंत येते. बांधाला असलेले तोंड भिंतीला नसते. वरून येणारे पाणी भिंतीशी अडते, कडेने वळते आणि शेजाऱ्याच्या शेतात किंवा रस्त्यावर उतरते. रस्ता हाच मग ओढा बनतो. भिंत पुरेशी मजबूत नसेल, तर तिच्यामागे साठलेल्या पाण्याने ती कोसळण्याचा धोका असतो.

पाणी किती लवकर वाढते, याचा विसर पडल्यास काय होते, हे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यानेच पाहिले. भुशी धरणामागील धबधब्यात वर्षाविहारासाठी आलेल्या एका कुटुंबातील पाच जण अचानक वाढलेल्या प्रवाहात वाहून गेले. लहान, तीव्र उताराच्या पाणलोटात डोंगरावर पडलेला पाऊस काही मिनिटांत खाली पोहोचतो. जो नियम धबधब्याला, तोच ओढ्याला आणि तोच ओढ्याच्या काठी बांधलेल्या घरालाही लागू आहे.

पुण्याच्या आंबिल ओढ्याचा धडा

ओढा अरुंद झाल्यावर काय होते, याचे जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा पेशवाईत नानासाहेबांनी वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. पुढच्या काळात ओढ्याच्या दोन्ही काठांनी दाट वस्ती झाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कमी वेळात मोठा पाऊस झाला, ओढ्याने पात्र सोडले आणि पाणी वस्त्या व सोसायट्यांत शिरले. पुणे शहर व परिसरात त्या पुराने वीसहून अधिक बळी घेतले. त्यातील काही मृत्यू सीमाभिंत कोसळून झाले. पुण्याचा वार्षिक पाऊस लोणावळ्याच्या एक षष्ठांश असताना ही स्थिती उद्भवली, हे मावळातील नियोजनकर्त्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

जबाबदारी कोणाची?

पाण्याला हद्द कळत नाही. यंत्रणांना मात्र हद्द असते. लोणावळा शहरातील गटारे व नालेसफाई ही १८७७ मध्ये स्थापन झालेल्या नगरपरिषदेची जबाबदारी. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५७ हजार ६९८ होती. सुटीच्या दिवशी पर्यटकांमुळे त्यात कितीतरी भर पडते आणि प्लास्टिकच्या बाटल्या व वेष्टने शेवटी गटाराच्या जाळीवरच येऊन अडकतात. गावांत ही जबाबदारी ग्रामपंचायतीची. पण तिच्याकडे अभियंता नसतो आणि निधीही तुटपुंजा असतो. द्रुतगती मार्गाखालील मोऱ्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या, लोहमार्गाखालील मध्य रेल्वेच्या. ग्रामीण भागातील बांधकामांचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, जे २०१५ मध्ये अस्तित्वात आले. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. तलाव वीज कंपनीकडे आणि ओढ्याचे पात्र सरकारचे, म्हणजे महसूल खात्याच्या अखत्यारीत. एकच ओढा डोंगरातून नदीपर्यंत जाताना अशा पाच-सहा यंत्रणांच्या हद्दी ओलांडतो. त्याचा सलग नकाशा आणि सलग आराखडा असल्याखेरीज कोणत्याही एका यंत्रणेचे काम पुरे पडत नाही.

कायदा मात्र अगदीच दुबळा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले व त्यांची पात्रे, जी कोणाच्या मालकीची सिद्ध होत नाहीत ती, शासनाची आहेत. खासगी जागेतून ओढा जात असला, तरी तो बुजविण्याचा अधिकार त्यामुळे आपोआप मिळत नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये शेतजमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला कोणी बेकायदा अडथळा केला असेल, तर तो दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. भिंत उन्हाळ्यात बांधली जाते, पाणी जुलैत शिरते आणि तक्रार दिवाळीनंतर करण्याचे ठरते. तोवर ही मुदत उलटून जाण्याची शक्यता असते.

नदीकाठच्या बांधकामांसाठी राज्यात दोन पूररेषा मानल्या जातात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखविणारी निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, तर दोन रेषांमध्ये निर्बंध असतात. पण या रेषांची चर्चा मुख्यतः नद्यांसंदर्भात होते. लहान ओढ्यांना बहुतेक वेळा अशी रेषाच नसते आणि बांधकामे तर ओढ्यांच्याच काठी होत असतात.

नालेसफाई आणि पर्जन्यमापक

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मोठ्या नाल्यांतील गाळ काढण्याचे काम दरवर्षी ३१ मार्चपर्यंत पूर्ण व्हावे आणि शहरात दर चार चौरस किलोमीटरमागे एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे नालेसफाईची लगबग बहुधा मे महिन्यात दिसते. काढलेला गाळ काठावरच ठेवला गेला, तर पहिल्याच पावसात तो पुन्हा नाल्यात जातो. डोंगराळ भागात पर्जन्यमापकाचे महत्त्व आणखी अधिक आहे. दोन दऱ्यांमध्ये पावसाचे प्रमाण वेगळे असू शकते आणि शहरातील एका आकड्यावरून शेजारच्या गावातील ओढ्याचा अंदाज बांधता येत नाही.

जगातील शहरे आता पाणी लवकरात लवकर पळवून लावण्यापेक्षा ते थोपवून धरण्याकडे वळली आहेत. टोकियोजवळ कासुकाबे येथे २००६ मध्ये पूर्ण झालेला भुयारी जलमार्ग पुराचे पाणी साठवून मोठ्या नदीत सोडतो. नेदरलँड्सने नद्यांचे बांध मागे सरकवून पात्राला जागा दिली. मुंबईत हिंदमाता परिसरातील पाणी साठविण्यासाठी भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या. या सर्व उपायांवर मोठा खर्च होतो. मावळात तेच काम करणारे ओढे आणि खाचरे अजूनही पुष्कळ ठिकाणी शाबूत आहेत. ती राखण्याचा खर्च, ती बुजल्यानंतर पर्यायी व्यवस्था बांधण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे.

जागा घेणाऱ्यांनी व राहणाऱ्यांनी काय पाहावे?

* गाव नकाशा व गट नकाशा पाहून जागेतून किंवा जागेलगत ओढा, नाला जातो का, याची खात्री करावी. नकाशात ओढा असून जागेवर दिसत नसेल, तर तो बुजविला गेला आहे, असे समजून चौकशी करावी.

* जागा उन्हाळ्यात पाहिली असली, तरी व्यवहारापूर्वी एकदा जुलैत, भर पावसात पाहावी. शेजारच्या शेतकऱ्याला पाणी कोठून येते व कोठे जाते, हे विचारावे. त्याच्याइतकी अचूक माहिती कोणत्याही कागदावर मिळत नाही.

* सीमाभिंत बांधताना वरून येणाऱ्या पाण्यासाठी तळाशी पुरेशी मोठी तोंडे ठेवावीत. त्यांना जाळी बसविली, तर पावसाळ्यात ती दर आठवड्याला साफ करावी.

* अंगणभर फरशी वा काँक्रीट करणे टाळावे. शक्य तेथे एखादे खाचर किंवा तळे तसेच ठेवावे. छपराचे पाणी टाकीत साठविल्यास निचऱ्याचा थोडा भार कमी होतो आणि पावसाळ्यानंतर वापरालाही पाणी मिळते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे.

* ओढ्यावर रस्ता करायचा असल्यास पाइपऐवजी साकव किंवा चौकोनी मोरी बांधावी आणि तिचा आकार वरच्या पाणलोटाचा हिशेब करून ठरवावा.

* छपराचे पाणी मैलावाहिनीला आणि सांडपाणी पावसाळी गटाराला जोडू नये.

* प्रवाहाला अडथळा झाल्यास तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत लेखी दाद मागावी. छायाचित्रे तारखेसह ठेवावीत.

औंढ्यासारख्या गावांपुढे आज दोन्ही शक्यता आहेत. लोणावळ्याच्या पावसाला पुरेल एवढी बांधीव गटारे उभारणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले नाही आणि तशी गरजही नाही, कारण डोंगरापासून इंद्रायणीपर्यंत जाणारी वाट तेथे आधीपासूनच आहे. गावातील प्रत्येक ओढ्याची मोजणी होऊन त्याची रुंदी अभिलेखात नोंदली गेली आणि बांधकाम परवानगीच्या वेळी ती नोंद पाहिली गेली, तर निम्मे काम झाले असे म्हणता येईल. एकदा भराव पडून भिंत उभी राहिल्यावर हीच वाट पुन्हा मोकळी करायची, तर न्यायालय, नुकसानभरपाई आणि पाडकाम असा लांबचा मार्ग उरतो. आणि पाणी तोपर्यंत थांबत नाही.